सगळ्यांचे तास भरले

तीर्थस्वरूप मावशी,

साष्टांग नमस्कार. (तुझे पाय नेमके कोणत्या दिशेला आहेत ते ठाऊक नसल्याने अंदाजाने वाकलो आहे; नमस्कार शेजारणीला पोचला असेल तर मागून घे.) गुडघा कसा आहे? काकांचं कानाचं यंत्र सापडलं का, की सापडूनही ते लावत नाहीत? इकडे आम्ही खुशाल.

पत्राला उशीर झाला, त्याचं कारण तुला अभिमान वाटावा असंच आहे. आमच्या पंख्यांच्या कंपनीत साहेबांनी जाहीर केलं, की यापुढे ज्याने त्याने सोयीने यावं, सोयीने जावं. फक्त तिमाहीचे ठरलेले तास पुरे करावेत. ते होतात की नाही हे पाहायला करड्या नजरेचा माणूस हवा होता, म्हणजे मी. मी भिंतीवर तक्ता लावला. प्रत्येकाच्या नावापुढे रंगीत पट्टी, तास वाढले की पट्टी वाढवायची, शेवटी लाल रेघ. रेघेला टेकला तो सुटला; त्यानंतर तो कचेरीत राबला तरी मोजायचं नाही, हे कलमही माझंच. लोकांनी फारच मनावर घेतलं. हिशेबनीस बाई मुलं उठायच्या आत येऊ लागल्या आणि आराखडे काढणारे जांभईराव (हे टोपणनाव त्यांनी कष्टाने मिळवलं आहे) दुपारची झोप आटोपून. दोघांची गाठच पडेना. नव्या पंख्याच्या मानेला दोन स्क्रू पुरतात (हे बाईंचं, खर्चाच्या हिशेबाने) की तीन लागतात (हे जांभईरावांचं), यावरचं त्यांचं भांडण चहाच्या किटलीवर चिठ्ठ्या चिकटवून चालायचं. मी मध्ये पडलो नाही. पट्ट्या वाढत होत्या.

तिमाही संपायच्या आधीच सगळे रेघेला टेकले. मी सर्वांना घरी पाठवलं आणि रिकाम्या कचेरीत लढाई जिंकल्यासारखा हिंडत होतो, तोच एका मोठ्या इस्पितळाचे खरेदी अधिकारी नवा पंखा पाहायला हजर झाले. साहेब परगावी. ही मागणी गेली असती तर निम्म्या कारखान्याला कुलूप लागलं असतं. पण मी डगमगतो थोडाच! नमुना टेबलावर ठेवला, चार कौतुकाचे शब्द बोललो आणि बटण दाबलं. पंख्याने दोन गिरक्या घेतल्या, मान टाकली आणि पाहुण्यांकडे पाठ करून भिंतीला वारा घालू लागला. अधिकारी उठून उभे राहिले. मी त्यांना पाणी, मग चहा, मग पुन्हा पाणी देत बसवून ठेवलं आणि आत जाऊन दोन फोन केले.

जांभईराव घरातल्या चपलांवर आले. बाई कडेवर धाकटीला घेऊन आल्या. त्यांनी मुकाट्याने पिशवीतून तिसरा स्क्रू काढून जांभईरावांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो लगेच बसवला. मग दोघांनी मिळून पाहुण्यांच्या शंका फेडल्या, तोवर धाकटी माझ्या मांडीवर झोपली. मागणी मिळाली.

निघताना मी दोघांना नियम समजावला, की तास आधीच भरल्यामुळे आजचे मोजता येणार नाहीत.

बाई म्हणाल्या, ‘‘तास भरायला कोण आलं होतं? तुम्ही एकटे अडकलात म्हणून आलो.’’

ते गेल्यावर मी दोघांच्या पट्ट्या लाल रेघेच्या पुढे नेल्या, तक्ता संपला तिथे उघड्या भिंतीवर चिकटवल्या. साहेबांनी भिंतीचा रंग का खराब केला म्हणून विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. एकूण योजना यशस्वी झाली, असंच म्हणायला हवं.

तुझा भाचा

ता. क. माझी स्वतःची पट्टी अर्ध्यावरच आहे. दुसऱ्यांचे तास मोजण्याचा वेळ काम म्हणून धरत नाहीत. (हेही कलम माझंच.) तेव्हा सुट्टीत बायको-मुलं तुझ्याकडे येतील, मी नाही. हे बायकोला अजून सांगितलेलं नाही. तू सांगशील का? तुझं ती ऐकते.

आणखी ता. क. हे पत्र कचेरीत बसून लिहिलं. मावशीला पत्र लिहिणं हे काम नव्हे, असं नियमात कुठेही नाही. पट्टी वाढवली आहे.