दगडाला विचारून

रास अल खैमा,
मार्च १९९८

ती. आईच्या पायांवर गुणवंतचं डोकं.

मी आणि सुजीत खुशाल आहोत. जेवण पोटभर मिळतं. खोलीतले पठाण आम्हा बुटक्यांना वरच्या खाटेवर उचलून ठेवतात आणि हसतात, पण मायाळू आहेत. तुझा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

पहिल्या घावाआधी दगडाला कान लावून "आई, येऊ का?" म्हणतोस ना, असं तू विचारलंस. सुरुवातीला म्हणत होतो. पण इथल्या खाणीत डोंगर सुरुंगाने फोडतात. मी कान लावला की सुजीत ओरडायचा, "दादा, यल्ला, चल लवकर! सुपरवायझर बघतोय. डोंगर फुटून खाली पडलाय, आता कुणाला विचारतोस?"

आपल्या पूर्वजांनी डोंगराच्या पोटात सात गावं कोरली, ती दगडाने हो म्हटल्यावरच. बाबा त्या होकारासाठी दिवस दिवस थांबायचे. सुजीतला ही आता नुसती गोष्ट वाटते.

गेल्या शुक्रवारी सुट्टी होती. मी एकटाच न फोडलेल्या कड्यापाशी गेलो, कान लावला आणि विचारलं. ऊन उतरेपर्यंत थांबलो. काही ऐकू आलं नाही. दगडच बोलायचा थांबला की सुरुंगांनी माझे कान गेले, ते कळेना. काळजी करू नकोस, हल्ली कानात कापूस घालतो.

घरामागच्या कातळाला माझ्या नावाने एकदा विचारून बघ. उत्तर आलं तर लगेच कळव, मी निघून येतो. नाही आलं, तर पत्रात फक्त शेळीचं लिही.

तुझा,
गुणवंत