अंगठ्यांचा कागद

कुरुंदा, मंगळवार, १९३८. दिवेलागणीची वेळ.

वसमतची मोटार रोज येते. तोट्यापायी ती आठवड्यातून एकदाच सोडायची, म्हणून लोकांचं मत घ्यायला निजामाच्या मोटारखात्याचा साहेब आज चावडीवर आला होता. सगळे "न्हाई" म्हणाले. सरूबाई तर कडाडलीच, "माजी पोरगी मोटारीनं दवाखान्यात पोचली म्हणून वाचली! रोजची काहून बंद करून राहिलात?"

साहेब म्हणाला, बराबर आहे, हजेरीचे अंगठे तेवढे द्या. मास्तर म्हणून ते काम माझ्याकडे. एकेकाचा अंगठा मीच शाईला लावला, कागदावर दाबला. सरूबाईचा तर खसकन ओढून. शेवटी स्वतःची सही करताना वरचा उर्दू मजकूर वाचला: मोटार आठवड्यातून एकदाच, हे आम्हा सर्वांस मंजूर आहे.

ओरडून सांगितलं आणि पहिला दगड मीच मारला. मग सगळे तुटून पडले. साहेबाचं कपाळ फुटलं, कागदाच्या चिंध्या झाल्या.

सरूबाई म्हणाली, "मास्तर, तुमी व्हतात म्हणून कळलं." तिचा अंगठा अजून काळाच होता.

उर्दू मला येते. मग आधी का नाही वाचलं?

साहेबानं शेजारी खुर्ची दिली होती, म्हणून.