भिंत पाणी मागते

२ मार्च
आजपासून हे घर माझं. उदगीरच्या एकत्र घरात जन्म गेला. तिथे कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा तरी थोरल्या जाऊबाईंना विचारावं लागे. भिंत खराब होते म्हणायच्या. आता वाटणी झाली, लातूरला औसा रोडच्या आत हे घर घेतलं आणि सामान उतरायच्या आधी मी खिळे ठोकून मोकळी झाले. दोन वाकडे गेले. जाऊ देत, बोलणार कोण आहे?

आमच्या ह्यांनी, म्हणजे अमृतरावांनी, विभूती लावून अंगणात खुर्ची टाकली आणि सल्ले सुरू केले. ह्यांनी आयुष्यात स्क्रू पिळला नाही, पण कुठला पिळावा हे बरोबर माहीत. लातुरात पाण्याची ओरड असते म्हटलं, तर म्हणाले, शिवगंगा, तुझ्या नावातच गंगा आहे, तुला काय कमी?

ही वही मापं लिहायला घेतली होती. मापं मागच्या पानांवर, मनातलं पुढच्या. पेन्सिल कानावर, वही कमरेला खोचलेली. जाऊबाईंनी पाहिलं असतं तर सुतार झालीस म्हणाल्या असत्या. झाले, बाई.

८ मार्च
सगळा खटाटोप पुनमसाठी. एकुलती एक, नांदेडला दिली आहे, सातवा महिना सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. तिच्या सासूबाई लग्नात बोलल्या होत्या, तुमच्या त्या गर्दीत लेकीला निजवणार कुठे? ते वाक्य अजून माझ्या घशात अडकलंय. मागची खोली तिला द्यायची आणि अशी करायची की विहीणबाईंनी दारातच उभं राहावं.

तीन भिंती चांगल्या आहेत. चौथी, पलंगाजवळची, जमिनीपासून हातभर उंचीवर आडवी सोलली आहे. खालचा-वरचा गिलावा टणक, मधला पट्टा तेवढा गेलेला. बोटं फिरवली तर खळगे गुळगुळीत, वापरून वापरून साबणाची वडी होते तसे. खार लागला असेल.

शेजारच्या लक्ष्मम्मा देगलूरकडच्या. म्हाताऱ्या आहेत, एकट्या राहतात, कुंपणापलीकडून सगळ्यावर नजर. म्हणाल्या, ती खोली बाळंतिणीला देऊ नका, लई कोरडी हाय. मला हसू आलं. बाळंतिणीला कोरडीच खोली पाहिजे ना? का ओल आलेली देऊ?

१५ मार्च
मिस्त्री रोज उद्या येतो म्हणतो. त्याचा उद्या काही उगवत नाही. म्हटलं, ज्याला हात आहेत त्याला मिस्त्री कशाला? मोबाइलवर पाहिलं, वाळू चाळली, चाराला एक सिमेंट घातलं, थापी आणि गिलावा घोटायचा रंधा आणला. पहिला थर खाली गळाला, दुसरा बसला. हे मागून जरा डावीकडे, जरा डावीकडे करत होते. एक थापी त्यांच्या हातात दिली तर चहा करायला गेले. तेवढा फायदा झाला.

संध्याकाळी बोट लावून पाहिलं. सरळ, गार, गुळगुळीत भिंत. कधी नव्हे ते मला माझं कौतुक वाटलं.

१७ मार्च
नव्या गिलाव्याला रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर भेगा जातात. मिस्त्री लोक त्याला भिंत पाणी मागते म्हणतात. मागू दे. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात, मग नाव. मी तांब्याने पाणी मारता मारता गमतीने म्हटलं, पी गं बाई, पोटभर पी, माझ्या घरात कुणाला पाण्याला नाही म्हणत नाहीत.

२४ मार्च
भलतीच हावरी निघाली. बादलीभर मारलं तरी फरशीवर थेंब येत नाही. नळाला पाणी आठवड्याने येतं आणि ही हौद संपवायला बसली आहे. आजपासून बंद केलं.

दुपारी टळटळीत उन्हात मी पुढच्या खोलीत आडवी झाले होते. मागून आवाज आला. माझं माहेर देवणीजवळ, तिथे गाई हौदावर तोंड लावून पाणी प्यायच्या, तसा चुळूक चुळूक. उंदीर असेल म्हणून गेले. उंदीर नव्हता. भिंतीखालची बादली मी अर्धी भरलेली ठेवली होती, ती कोरडी होती.

२ एप्रिल
माझा गिलावा गेला. तोच पट्टा, तीच उंची. खाली पडलेला चुरा मात्र कुठेच नाही. हे म्हणाले, सिमेंट जुनं असेल. ह्यांचं सगळं ज्ञान झाल्यानंतरचं. चिडून पाणी मुरू न देणारं औषध घातलं आणि पुन्हा लिंपलं. मी अशी हरणारी नाही.

बाकी खोली तयार आहे. जुन्या दाराला वाळवी होती, तिथे लोखंडी पत्र्याचं दार बसवलं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीवर बाहेरून प्लायवूड मारलं. कडी बाहेरूनच बसवली. मांजर शिरायला नको आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पोरीची झोप मोडायला नको. कडी सरकताना करकरते, तेल घालायचं राहिलं.

११ एप्रिल
पुनम आली. खोली पाहून गळ्यात पडली. आई, हे सगळं तू केलंस? इतक्या वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं. मी रडले, लिहायला लाज कसली.

७ मे
मुलगी झाली. दोघी घरी आल्या. शेक, शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं रीतीप्रमाणे चाललंय.

पाणी तोडलं आहे. दवाखान्यातली बाई म्हणाली भरपूर प्यायला द्या. तिचं काय जातंय? बाळंतिणीला पाणी दिलं की पोट सुटतं, अंगावर सूज येते, हे आमच्या आज्यांना कळत होतं. सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर, उकळून. पुनमने हात जोडले. मी म्हटलं, आम्हाला नाही दिलं कुणी, मेलो का?

९ मे
ती दुपारी दार वाजवते. आई, घोटभर. मी कडी लावून पुढे पडलेली असते. कानावर पदर घेते. वाईट वाटतं, पण रीत ती रीत. विहीणबाईंना बोलायला जागा ठेवायची नाही.

१२ मे
पुनमने पाणी मागणं सोडलं. समजूतदार झाली म्हणून बरं वाटलं. संध्याकाळची वाटी तशीच परत आली. तहान नाही म्हणाली.

तिच्या ओठांवर राखाडी काहीतरी होतं. पदराने पुसलं, बोटावर घेतलं.

सिमेंट होतं.

१३ मे
भर दुपारी भिंतीला हात लावला. ओली. नळ त्या बाजूला नाही, टाकी नाही, पाऊस नाही. फक्त तो पट्टा ओला आणि गार, माठाच्या पोटासारखा. औषध घातलेला माझा गिलावा मऊ झालाय. त्यावर रुंद ओरखडे. दातांचे, की जिभेचे, मला —

१४ मे
लक्ष्मम्मांना गाठलं. भिंतीला मी पाणी विचारलं तेही सांगितलं. मग त्यांनी पायरीवर बसून सगळं सांगितलं.

आधीच्या मालकांनी घर बांधलं ते रेल्वेने पाणी आलेल्या दुष्काळात. त्यांची सून बाळंत होऊन त्याच खोलीत. नाव काय, तर वर्षाराणी. बाहेरून टँकरच्या पाण्याने नव्या भिंती भिजवत होते आणि तिचं पाणी सासूने तोडलेलं, रीत म्हणून. ती आतून तीच ओली भिंत चाटायची. दुपारी दार वाजवायची. लक्ष्मम्मांनी विचारलं तर सासू म्हणाली, काई न्हाई वं, कामाची ठोकाठोक चालू हाय. लक्ष्मम्मांना खरं वाटलं. दोन दिवसांनी ठोकाठोक थांबली. सून तापाने गेली, असं लोकांना सांगितलं. मूलही गेलं.

मला म्हणाल्या, तिला कुनी पानी विचारलं न्हाई, म्हून ती गेली. तुमी विचारलं, म्हून आली.

१५ मे
तांब्या भरून घेऊन गेले. पुनम, पी, हवं तेवढं पी, चुकलं माझं. तिने तोंड फिरवलं. ती देते म्हणाली. तिला नको म्हटलं तर वाईट वाटतं म्हणाली. डोळे खोल गेलेत. चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहते. माझ्या पोरीला मीच —

बाळाला घेतलं. बाळाच्या ओठांवर पण —

१६ मे, सकाळ
जावयांना रात्रीच फोन केला. पहाटे गाडी घेऊन आले. पुनम, बाळ आणि हे नांदेडच्या दवाखान्यात गेले. पुनम भिंतीकडे हात करून रडत होती. मी मागे राहिले. घर माझं, भिंत माझी, पाणी मीच विचारलं. ही भिंत आज पाडायची.

लक्ष्मम्मांना कुंपणावरून सांगितलं, दिवसभर ठोकाठोक होईल, लक्ष देऊ नका. हौ म्हणाल्या.

दुपार
ह्यांचा फोन आला. सलाईन लावलं, पुनम ओरडून पाणी मागतेय, दोन पेले प्याली. बाळ दूध पितंय. तिथेच मुक्काम, उद्या येतो म्हणाले. देवघरापुढे बसून रडले. मग छिन्नी-हातोडी घेतली. फोन पुढे चार्जिंगला लावला.

पहिल्या घावाला गिलावा सगळा निघाला. आत विटा. विटांवर पण तेच खळगे.

दार लागलं.

वारा नाही. पानही हलत नव्हतं. कडी सरकली. तो करकर आवाज माझ्या ओळखीचा आहे.

दार ठोकलं. पत्र्याला पोचे पडतात, पत्रा तुटत नाही. प्लायवूडला आतून धरायला काही नाही, स्क्रू मीच बाहेरून पिळले. ओरडले. भिंतीवर हातोडी मारत राहिले. पलीकडून लक्ष्मम्मांचा आवाज आला, कुणाला तरी सांगत होत्या, काई न्हाई, बाई भित फोडायली.

ऊन कललं नाही अजून. जीभ टाळूला —

बाहेर कुणीतरी हौदातून बादली भरतंय. पाणी सांडतंय. मुद्दाम सांडतंय.

मी म्हटलं, बाई, घोटभर.

बांगड्या वाजल्या. आवाज तरुण आहे. दाराला तोंड लावून बोलली. मला बी न्हाई दिलं कुनी.

बादली पालथी केल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, मेले.

हातोडीची मूठ निघाली. लक्ष्मम्मा —

पट्टा ओला होत चाललाय. हातभर उंचीवर. बसलं की बरोबर तोंडाशी येतो. मी पिणार नाही. पुनम प्याली ना, दोन पेले, बस झालं. मी पिणार नाही.

गार आहे. नुसता गाल टेकवते.

नुसते ओठ —