काचेपलीकडचे काका

१२ जुलै
पोचले एकदाची सनीव्हेलला! लग्नानंतर व्हिसाची वाट बघण्यातच वर्ष गेलं होतं. केदारने अपार्टमेंट छान लावलंय. वरचा मजला, हॉलला सरकत्या काचेचं दार, त्यापलीकडे चिमुकली बाल्कनी. खाली लिंबाचं झाड आहे आणि लिंबं कुणीच तोडत नाही. मी आईला फोनवर हेच सांगत होते, तेवढ्यात शेजारच्या बाल्कनीतून आवाज आला, "नागपूरची का वं तू? काय करून राहिली इथं?"

मनोहरकाका. मूळचे वर्ध्याचे. आमच्या दोन बाल्कन्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावरून त्यांनी कुंडीतला कढीपत्ता तोडून दिला. आज फोडणीला घरचा वास आला.

२० जुलै
कचऱ्याचा कोणता डबा कशाचा, लाँड्रीचं मशीन कसं अडतं, सगळं काकांनी शिकवलं. ते पुतण्याच्या, म्हणजे देवांगच्या घरात राहतात. देवांग कामासाठी बहुतेक लॉस एंजेलिसला असतो. मी पाटवडी नेऊन दिली तर खाताना डोळे पुसायला लागले. काकूंच्या आजारपणासाठी आले होते. काकू इथेच गेल्या. त्यानंतर परत जायचं मन झालं नाही आणि कागदांची मुदत केव्हाच संपली. हे त्यांनी मला सरळ सांगितलं, मुलीला सांगावं तसं.

मी केदारला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे, जास्त मिसळू नकोस यार.

४ ऑगस्ट
सगळ्या ग्रुपवर एकच विषय. अमुक पार्किंगमध्ये इमिग्रेशनवाल्यांच्या गाड्या दिसल्या, तमक्या दुकानातून माणसं उचलली. ग्रुपवरची मैत्रीण वीणा म्हणते, आपण लीगल आहोत, आपल्याला काय. पण तीही हल्ली पासपोर्ट पर्समध्ये ठेवते. काकांचं फिरायला जाणं बंद झालंय. मी बाल्कनीत बसणं सोडलं. काकांनी भिंतीवरून विचारलं, तर मी म्हणाले, ऊन लागतं. कॅलिफोर्नियातलं ऊन, नागपूरच्या मुलीला!

११ ऑगस्ट
लिहायलाच हवं.
केदार शटलने ऑफिसला गेला आणि थोड्या वेळात काकांच्या दारावर धडाधड थापा पडल्या. मी आमच्या दाराच्या भोकातून पाहिलं. जाकिटं घातलेले चौघे, तोंडावर कापड. मागे काच वाजली. काका भिंत ओलांडून आमच्या बाल्कनीत आले होते. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी. दोन्ही तळहात काचेवर टेकलेले, आणि अगदी हळू म्हणत होते, "पोरी, उघड वं."

आमची नजरानजर झाली. मी पडदा ओढला.

ते काही वेळ तिथेच होते, पडद्यावर सावली होती. मग त्यांचा भिंतीवर चढतानाचा कण्हण्याचा आवाज आला. आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने आपलं दार उघडलं. जिन्यावरून नेताना ते माझं नाव घेऊन ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१२ ऑगस्ट
केदारने मला जवळ घेतलं. म्हणाला, "एकदम बरोबर केलंस. तू काही पाहिलं नाहीस, ओके?" मला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच लाज वाटते.

२७ ऑगस्ट
देवांग आला होता. काका कोठडीतच वारले. हार्ट. त्याने विचारलं, त्या दिवशी ते तुमच्याकडे आले होते का, काही बोलले का? मी नाही म्हणाले. त्याने माझे आभार मानले, काकांना पाटवडी दिल्याबद्दल.

३० ऑगस्ट
काचेवर दोन तळहातांचे ठसे. व्हिनेगरने पुसले. भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा उमटले. पुसताना मी रडत नव्हते. इकडेतिकडे बघत होते, कुणाला दिसतंय का म्हणून.

२ सप्टेंबर
ठसे आतल्या बाजूने आहेत.
केदारला दाखवले. म्हणतो, काच स्वच्छ आहे, तुझीच झोप पुरी होत नाही. पण तो त्या दाराकडे पाठ करून बसत नाही.

५ सप्टेंबर
सकाळपासून टकटक. जोरात नाही. शेजाऱ्याला त्रास होऊ नये अशी — पडद्यावर सावली आहे. मी टीव्ही मोठा केला. मोठा केला मी टीव्ही! माणूस मरून दारात उभा आहे आणि मी —

८ सप्टेंबर
केदार घरून काम करतोय, आत मीटिंगमध्ये. पुन्हा टकटक. वही हातातच आहे. भीती वाटते, पण लाज जास्त वाटते. उघडते. पायावर डोकं ठेवते आणि सांगते की काका, मी —

बाहेर कुणी नाही. कढीपत्ता वाळलाय.
मी पाऊल बाहेर टाकलं आणि माझ्यामागे दार सरकून बंद झालं. आपोआप. लॅच पडला. फोन आत राहिला. हाका मारल्या, खाली लोक चालतायत, कुणी वर बघत नाही —

भिंतीपलीकडून कण्हण्याचा आवाज. कुणीतरी चढतंय. गुडघा घासत —

केदार हॉलमध्ये आला! मी दोन्ही हातांनी काच वाजवली. त्याने पाहिलं. सरळ माझ्या डोळ्यांत. केदार, उघड —

त्याची नजर माझ्या खांद्यामागे गेली. पांढरा पडलाय. हात पुढे केला, लॅचकडे — नाही, लॅचकडे नाही — केदार, मी आहे रे, स्वानंदी — पड