नव्या रायफलचं कपाळ

२७ सप्टें., शनि.
रायफल आली एकदाची. इतके दिवस क्लबची वापरत होते, सगळ्यांच्या गालांनी गुळगुळीत झालेली. ही माझी. छर्र्यांचीच, एअर रायफल, पण हातात घेतली आणि उगाच हसू आलं. शेजारच्या भाभी जिन्यात: "दीदी, शिकार पे जाओगी क्या?" म्हटलं, हव, कागदाच्या.
संध्याकाळभर पलंगावर मांडून बसले. मागची पट्टी खांद्याला नीट बसेपर्यंत, गालाचा टेकू वर-खाली. हे दारात उभे. "जेवण भेटन का आज, का तिलेच भरवून राहिली?"

२८, रवि.
नवा रायपूर, नेमबाजीची रेंज. रस्ता मोकळा, गाडीत मोठ्याने गात गेले.
पहिले पाच छर्रे डावीकडे, खाली. पण पाचही बोटाच्या एका पेराखाली झाकतील इतके जवळजवळ. क्लबचे कोच, आमचे सर, खूश. "गन बढ़िया है मैडम, बस साइट घुमाइए." नेम धरायच्या मागच्या साइटचे स्क्रू टिक-टिक करत फिरवले, पुन्हा पाच, पुन्हा टिक-टिक. शेवटी बरोब्बर मधोमध. नाचावंसं वाटलं.
क्लबच्या टीममध्ये एकच जागा उरलीय. मी किंवा बँकेतल्या सुनीता. पुढच्या रवि. दोघींना खेळवून सर ठरवणार.

१ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. सासूबाईंनी देवापुढे विळी, ह्यांचे पाने-पकडी, गाडीची किल्ली मांडली. मधे माझी रायफल, झेंडूच्या हारासकट. आजवर विळीलाच शस्त्र म्हणावं लागायचं, यंदा सासूबाई भलत्याच खुशीत. मी आरतीपुरती, बाकी वेळ पुरणापाशी. नंतर रायफल पुसून ठेवली.

३, शुक्र.
रेंजवर वाट लागली. छर्रे उजवीकडे. साइट फिरवली, तरी उजवीकडे. आणखी फिरवली, मग तर कुठेही. कागदच अंधूक दिसतो. डोळा गेला बहुतेक. मोतीबिंदू? माहेरी सगळ्यांना लवकर झालाय. येताना गाडीत रडले, सिग्नलवर शेजारचा स्कूटरवाला बघत होता.

४, शनि.
सरांना सांगून टाकलं, सुनीतांनाच घ्या. त्यांनी रायफल घेतली, उजेडाकडे धरली. "मैडम, इसमें तो सिंदूर भरा है."
डोळा लावतो ते साइटचं बारीकसं छिद्र, कुंकवाने अर्धं बुजलेलं. मी वरवर पुसलं, आतलं तसंच वाळून बसलं. काडीने साफ केलं. दिवाळीत घर लख्ख व्हावं तसा कागद दिसला. मग साइट पहिल्यापासून लावली, कारण भलतीकडे फिरवून ठेवणारी मीच. परत पाचही एका पेराखाली!
घरी विचारलं. सासूबाई शांतपणे, "सगळ्यायले लावलं, मंग हिले काहून नाही? मधोमध गोल दिसलं. मले वाटलं, कपाळ हेच."
हे हसता हसता ठसक्याने लाल. मीही. माझा डोळा शाबूत आहे, याचा आनंद कुणाला सांगू.

५, रवि.
सासूबाई म्हणाल्या, मी बी येतो. रेंजवर मागे खुर्चीत बसल्या, कानात कापूस. एवढ्याशा फट् आवाजाला. असो.
सुनीता सुंदर खेळल्या. मी शेवटचा छर्रा सोडायला इतका वेळ लावला की बंदूक खाली घ्यावी लागली, श्वास, पुन्हा उचलली. सरांनी दोघींचे कागद परत परत मोजले. बरोबरी. "अगले संडे फिर से, दोनों." सुनीता हसल्या, मीही हसले, दोघी घामाने भिजलेल्या.
गाडीत सासूबाई कानातला कापूस काढत, "तिची रायफल कोणी पुजली होती का वं?"
"नसेल."
"मंग बराबरी कशी झाली?"
रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना सांगितलं, या वयात बरोबरी म्हणजे खूप झालं. हे म्हणाले, खरंच खूप झालं. मीही मान हलवली.
खोटं. मला ती जागा हवी आहे.