मेदान ते पेनांग, सहा तास

३ मार्च
संकल्प: ताईला खरं सांगायचं. इंडोनेशियातल्या मेदानहून इथे मलेशियात, पेनांगला, विमानाने पन्नास मिनिटं लागतात. मी सहा तास सांगून ठेवलेत. अगदीच खोटं नाही. घरून निघणं, टॅक्सी, रांगा, शिवाय इथलं घड्याळ तासभर पुढे. ओढूनताणून साडेचार होतात. वरचा दीड माझ्या पदरचा.
दोष आमच्या मेदानकडच्या बतक जमातीचा. दर शनिवारी कुणाचं तरी लग्न, आणि मामा म्हणून मी हवाच. सहा तास म्हटल्यावर बोलावणी थांबली.

७ मार्च
सांगितलं नाही. काम होतं. मेदानहून येणाऱ्या पेशंटना आमच्या इस्पितळात डॉक्टरांपर्यंत पोचवणं हेच माझं काम. आज एका आजोबांना फोनवर म्हणालो, "घाबरता काय, चहा निवेपर्यंत पोचाल!" मग घाईघाईने फोन ठेवला. दुसरा वाजत असावा.

११ मार्च
रुमिंताताईचा फोन. डाव्या डोळ्याने कडेचं दिसत नाही. वर्ष झालं म्हणे. मी ओरडलोच, "आधी का नाही बोललीस?"
"अरे पार्लिन, सहा तास बसायचं म्हणजे माझे गुडघे... म्हटलं, होईल आपोआप बरं."
तेव्हाच सांगणार होतो. पण आजारी माणसाला धक्का देऊ नये.

१२ मार्च
तिचं तिकीट पाठवलं. त्यावर वेळ छापलेली असते. पण तिला बारीक अक्षर कुठे दिसतंय, असं मनात आलं आणि हायसं वाटलं. जेवण गेलं नाही.

१६ मार्च
प्लॅन: ताई दिसताच हसत म्हणायचं, "नवीन फास्ट विमानं सुरू झालीत!"
ताई विमानातून उतरेचना. तिला बाहेर घेऊन आलेल्या विमानकंपनीच्या मुलीने सांगितलं, सीट सोडायला तयार नव्हत्या. म्हणत होत्या, "मला पेनांगला जायचंय. माझा भाऊ तिथे राहतो, त्याने सहा तास सांगितलेत. त्याला कळत नाही का?"
मी तोंड उघडलं. ताईने डबा पुढे केला. "आधी जेव. मासा केलाय. अजून गरम आहे."

१८ मार्च
काचबिंदू. डॉक्टर इंग्रजीत बोलले, ताईला मी सांगितलं: डाव्याची गेलेली नजर परत येणार नाही, उजवा औषधाने सांभाळता येईल. 'वर्षभर आधी यायला हवं होतं' हे वाक्य मी गाळलं. वेळ कमी होता.
ताई माझी पाठ थोपटत होती.

२१ मार्च
आज सांगायला सुरुवात केली. "माहितेय रे," ती म्हणाली. "डोळा गेलाय, अक्कल नाही." मग थेंब घालून घ्यायला मान मागे टाकली. रागावली असती तर बरं झालं असतं.
तेवढ्यात मेदानहून धाकट्या बहिणीचा, सोंदांगचा फोन. शनिवारी तिच्या मुलीचं लग्न. प्रवास कसा झाला, विचारत होती. ताईने माझ्याकडे बघितलं. "सहा तास गं. पार आंबून गेले."
मला राहवेना. फोन ठेवल्यावर म्हणालो, "ताई, शनिवारी मी येतो. मामा म्हणून उभा राहतो. सकाळी निघून संध्याकाळी परत."
"सहा तासांवरून कुणी सकाळी येऊन संध्याकाळी जातं का?" ताई म्हणाली. "आता मीही सहाच सांगितलेत. घरी बस."