खड्डा ठेवायची जागा

बाबा, हे पत्र मी सांगते आहे आणि लिहितो आहे तुमचा पणतू. माझ्या मुलाचा मुलगा. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. अक्षर त्याचं, चुका माझ्या. तुम्ही मला शाळेत घातली असती तर ह्या वयात नातवाच्या विनवण्या कराव्या लागल्या नसत्या. एकटीने बसून काय ते लिहिलं असतं आणि उशीखाली ठेवून दिलं असतं. पण तुम्हाला भाता ओढायला माणूस हवं होतं आणि मी घरातच होते. तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं झाली, आता उलट बोलले तर काय माराल? पूर्वी एवढ्या बोलण्यावर हा फिदीफिदी हसला असता. आता मान खाली घालून लिहितोय. गेल्या वैशाखापासून तो हसलेला नाही. मला त्याला एक गोष्ट सांगायची आहे आणि त्याच्या तोंडावर सांगायची मला हिंमत होत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. लिहिता लिहिता त्याच्या कानावर जाईल. थांबू नको रे, लिही.

आपली भट्टी चिऱ्याच्या खाणीच्या वाटेवर होती, नारळाच्या झापांखाली. जांभ्याचे चिरे भरून भरून मागून खचलेले ट्रक यायचे, माझ्यासारखे, कमरेत वाकलेले. त्यांच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांची, पाट्यांची, कमान गेलेली असायची. "पाटा बसला," म्हणायचात तुम्ही, आणि बसलेला पाटा उठवणं हाच तुमचा धंदा. लाल करायचा, घणाने पुन्हा कमानीत आणायचा, तेलात बुडवायचा, आणि गार झाला की ऐरणीवर टेकवून हातोडीने टिचकी मारायची. चांगला पाटा देवळातल्या घंटेसारखा लांब बोलायचा. आत चीर गेलेली असली की नुसतं ठक्. घण मारून मारून तुमचे कान गेले होते, म्हणून टिचकी तुमची आणि कान माझे. "काय गो बाय, कसा बोलतो?" मी नऊ-दहा वर्षांची, भात्याची दोरी धरून सांगायची, "गातो," नाहीतर "खोकतो." माझ्या शब्दावर ट्रक रस्त्याला लागायचे. पाट्याच्या वर, धक्का अडवणाऱ्या रबरापर्यंत, तुम्ही चार बोटं जागा मोकळी ठेवायचात. एका ड्रायव्हरने विचारलं होतं, ही रिकामी जागा कशाला हो मिस्त्री? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "खड्डा ठेवायला. हितं नाय ठेवलास तर तुझ्या मणक्यात ठेवावा लागेल."

आणि तो दिवस आठवतो? घरातून तळलेल्या बांगड्यांचा वास येत होता. तुम्ही टिचकी मारलीत तेव्हा माझं सगळं लक्ष नाकात. न ऐकताच म्हटलं, "गातो." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग हातोडीचा दांडा दातांत धरलात, तिचं डोकं पाट्यावर टेकवलंत आणि दुसऱ्या हातोडीने ठोकलंत. दातांतून ऐकलंत, बाबा. पाटा खोकत होता. तुम्ही हात उगारला नाहीत, तो उगारला असतात तर बरं झालं असतं. एवढंच म्हणालात, "देवानं कान दिलेत ते भोकं पाडून कुड्या घालायला नव्हेत." त्या दिवशी मला बांगडा मिळाला नाही. पुढे माझ्या लग्नात तुम्हीच कुड्या घेऊन आलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, भोकं पाडलीच आहेत तर मोकळी कशाला. त्याच कुड्या अजून कानात आहेत.

आता तुमच्या पणतवाची गाडी. लहानशी, पांढरी, चार माणसांची. पाट्यांचे दिवस गेले, ह्या गाड्यांना वेटोळ्याच्या स्प्रिंगा असतात. ह्याने काय केलं, तर चांगल्या धडधाकट स्प्रिंगा काढून आखूड, लालभडक स्प्रिंगा पार्सलने मागवल्या. कशाला? तर गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून. तुम्ही जन्मभर बसलेलं उठवलंत, आणि हा उठलेलं बसवायला निघाला. "आजी, वळणावर लोळत नाही, रस्त्याला चिकटून चालते," म्हणाला. मी म्हटलं, मग रस्त्याशीच लगीन लाव, सून शोधायचे आमचे कष्ट वाचतील.

रविवार होता. अंगणात गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं, शॉकअप स्प्रिंगेसकट बाहेर ओढला. मग लांब आट्यांचे दोन आकडे स्प्रिंगेला दोन्ही बाजूंनी लावून पान्याने आवळायला लागला. मी पडवीत सुपारी कातरत बसले होते. आवळलेली स्प्रिंग म्हणजे दबून राहिलेली सून, सुटली की कुणाच्या तोंडावर जाईल सांगता येत नाही. "मेल्या, तोंड बाजूला घे," मी ओरडले. "एकीकडचाच आकडा काय फिरवतोस? थोडा हा, थोडा तो. सारखं आवळ." "तुला काय कळतंय गो आजी?" "तुझ्या गाडीच्या पणजीला मी भाता ओढलाय." तो हसला, पण तोंड बाजूला घेतलं. चार चाकं व्हायला संध्याकाळ झाली. जॅक काढला तशी गाडी चार बोटं खाली आली. रोज तिच्या सावलीत झोपणारी आमची कुत्री येऊन वास घेऊन परत गेली, तिला शिरायला जागाच नव्हती. मी काठी टेकत गेले, चाकामागे हात घालून बघितला. वरच्या रबरापर्यंत एक बोट जेमतेम जात होतं. "आणि खड्डा कुठे ठेवणार?" मी विचारलं. "चुकवणार," तो म्हणाला.

इथवर मी तुमची मुलगी होते. मग मी त्या गाडीत बसले आणि घात झाला. माझे दोन्ही गुडघे गेलेत, बाबा. उंच गाडीत चढायचं म्हणजे मुलगा आतून ओढणार, सून मागून ढकलणार, भाताचं पोतं चढवावं तसं. लोकांसमोर. ह्या गाडीत मी पाटावर बसावं तशी बसले. टेकले, पाय आत घेतले, झालं. उतरतानाही तसंच. कितीतरी वर्षांनी मी कुणाचा हात न धरता कुठेतरी गेले. शिमग्याची पालखी घरी येऊन गेल्यावर आम्ही हेदवीला दशभुजा गणपतीच्या पाया पडायला गेलो. मी पुढे, राणीसारखी. मागे एकटा मुलगा बसला होता. तुम्ही मांडीवर घेऊन ज्याला लोखंडाची खुळखुळी करून दिलीत, तोच. कचेरीतून निवृत्त होऊन आंब्याची कलमं बघत होता. परत येताना डांबरी सोडून आमच्या कातळावरच्या वाटेला लागलो. वाटेत जांभ्याचा एक उंचवटा आहे. तिथे तो म्हणाला, "एक दिवस इथे चेंबर लागणार. जुन्या स्प्रिंगा घाल परत." चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं भांडं. ह्याने गाडी थांबवली. "पप्पा, आजीचे कान आहेत ना? आजी, मी हळू घेतो. खाली काही टेकतंय का ऐक. आवाज आला तर उद्याच काढतो." त्याने गाडी हळू पुढे सोडली. उंचवटा आला, गेला. "काय नाय," मी म्हटलं. "तुझंच तोंड वाजत होतं, ते आता बंद आहे." दोघे हसले. मुलगा म्हणाला, "आई म्हणते तर राहू दे."

वैशाखातली ती सकाळ. मुलगा कलमांखाली पेट्या भरत होता, छातीवर हात दाबून तिथेच खाली बसला. ह्याने त्याला उचलून मागच्या सीटवर निजवला, सुनेने डोकं मांडीवर घेतलं. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण मला आता बसता येत होतं ना! मी पुढे जाऊन बसले. चार माणसं झाली आणि घाई. उंचवट्यावर आधी ठक् झालं, मग फडकं फाटावं तसा आवाज. मी मागे वळून पाहिलं तर तांबड्या कातळावर तेलाची काळी रेघ आमच्यामागून येत होती. थोडं पुढे जाऊन इंजिन अडकलं. अँब्युलन्सला फोन केला, गाडी निघाली म्हणाले. त्या कातळावर एक झाड नाही. सुनेने पदराची सावली केली. हा रस्त्याकडे धावत गेला. बऱ्याच वेळाने बंदरावरचा बर्फाचा टेम्पो घेऊन आला, आणि माझा मुलगा माशांच्या रिकाम्या टबांमधून रत्नागिरीला गेला. मी गाडीतच राहिले. टेम्पो उंच होता, मला कोण चढवणार? डॉक्टरांनी विचारलं म्हणे, त्रास सुरू होऊन किती वेळ झाला? उत्तर ऐकून ते म्हणाले, फार उशीर झाला.

दिवसकार्याला माणसं जेवून उठता उठता म्हणाली, गाडी नटवली आणि बाप घालवला. ह्याने ऐकलं. सुनेनेही ऐकलं, आणि ती नाही म्हणाली नाही. तेव्हापासून मायलेक बोलत नाहीत. ती ताट वाढून ठेवते आणि आत जाते. हा अर्धं जेवून उठतो. गाडी ताडपत्रीखाली आहे, जुन्या स्प्रिंगा माळ्यावर गोणत्यात. कामावर एसटीने जातो. आता मुंबईला खोली बघतोय, म्हणजे परत यायचा नाही. आणि मी मधे बसून सुपारी कातरते. सून मला आंघोळ घालते, केस विंचरते, "आत्याबाई, गरम नाही ना पाणी?" विचारते. तिच्या हाताशिवाय माझा दिवस उगवत नाही. म्हणून गप्प राहिले.

तर बाबा, आवाज येत होता. हेदवीहून येताना, त्याच उंचवट्यावर, हळू घेतली तरी मागून आणि पोटाखालून, दोन वेळा. ठक्. मी झोपेतसुद्धा ओळखीन तो. हो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी जुन्या स्प्रिंगा आल्या असत्या आणि पुन्हा मी पोतं झाले असते. बांगड्याच्या वासाच्या वेळी मी ऐकलंच नव्हतं. ह्या वेळी ऐकलं होतं. तेव्हा दात लावून बघायला तुम्ही होतात. ह्यांनी माझ्यावर सोडलं.

ह्याचा हात थांबलाय. हे पण लिही रे, हात थांबलाय म्हणून. "खरं, आजी?" विचारतो. मी अडकित्ता उलटा धरून जोत्याच्या चिऱ्यावर आपटला. असा, म्हटलं. त्याने वाकून त्या चिऱ्यावर हात ठेवला. शिव्या दिल्या नाहीत. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, तुमच्यावर गेलाय. मग विचारलं, "हे पाठवायचं कुठे?" मी म्हटलं, बाबांना वाचता कुठे येत होतं? आपल्याकडे शिकलेली एकच बाई आहे, तुझी आई. तिला वाचून दाखव. मी इथेच बसते, हलत नाही.

सून मागीलदारी आहे, भांड्यांचा आवाज येतोय. ह्याने विचारलं, आत्ता हाक मारू? मी म्हटलं, तिचं काम आटपू दे. तिचं काम कधी आटपत नाही, बाबा, हे मला ठाऊक आहे.